नकाशावर गोठे आहेत, एल्क नाहीत: पॉइंट रेयसचं जुनं टोपोशीट कसं वाचायचं

सॅन फ्रान्सिस्कोच्या वायव्येला पॉइंट रेयस नावाचं द्वीपकल्प पॅसिफिक महासागरात घुसलेलं आहे. उभे कडे, धुकं, बोचरा वारा, मैलोगणती गवताळ कुरणं आणि त्यात चरणारी गुरं. बे एरियातल्या मराठी घरी कोणी पाहुणे आले की त्यांना तिथलं १८७० सालचं दीपगृह दाखवायला नेणारे बरेच आहेत. वाटेत 'ए रँच', 'बी रँच', 'सी रँच' अशा पाट्या लागतात आणि पाहुणे विचारतात, ही कसली नावं?

सध्या हे रँच बातम्यांत आहेत. पॉइंट रेयसचं राष्ट्रीय उद्यान १९६२ साली मंजूर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे ७१,००० एकर. सरकारने जमिनी विकत घेतल्या, पण आतले दुधाचे आणि मांसाच्या गुरांचे रँच भाडेकराराने चालू ठेवले. पर्यावरण संघटनांनी २०२२ साली याविरुद्ध खटला भरला. जानेवारी २०२५ मध्ये तडजोड जाहीर झाली आणि उद्यानातल्या १४ पैकी १२ रँचनी मोबदला घेऊन सव्वा वर्षात गाशा गुंडाळायचा असं ठरलं. त्याच्या थोडंच आधी, टोमालेस पॉइंटवर ट्युली एल्क या मोठ्या हरणांना अडवणारं कुंपण काढून टाकायचा निर्णयही उद्यानाने घेतला होता.

एक बाजू म्हणते, इथली गुरं दीडशे वर्षांची आहेत, ती या जमिनीच्या इतिहासाचाच भाग आहेत. दुसरी म्हणते, ही जमीन मुळात एल्कची आणि मिवॉक आदिवासींची, गुरं ही उपरी. असा वाद पेटला की कोणीतरी जुना नकाशा काढून 'हे बघा' म्हणतोच. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने, म्हणजे यूएसजीएसने, १८८४ पासूनचे दीड लाखाहून जास्त जुने नकाशे 'टोपोव्ह्यू' या संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत, त्यामुळे ते कोणालाही सापडतात. ते वाचायचे कसे, हा प्रश्न मात्र उरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की नकाशावर काय दिसतंय हे पाहण्याआधी तो काढणाऱ्याला काय काढायला सांगितलं होतं, हे पाहायला हवं. ते पाहिलं की दोन्ही बाजूंचे काही दावे टिकतात आणि काही गळून पडतात.

टोपोशीट म्हणजे काय

साधा नकाशा गावं आणि रस्ते दाखवतो. टोपोशीट, म्हणजे स्थलदर्शक नकाशा, त्यासोबत जमिनीचा चढउतारही दाखवतं. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ते ठाऊक असतं. आपल्याकडे ही शीट सर्व्हे ऑफ इंडिया काढतं.

चढउतार कागदावर आणायचं साधन म्हणजे समोच्च रेषा. समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेले बिंदू जोडले की एक समोच्च रेषा होते. उन्हाळ्यात पानशेतचं पाणी उतरत जातं तेव्हा काठावरच्या डोंगराला एकाखाली एक मातकट पट्टे उमटलेले दिसतात. प्रत्येक पट्टा म्हणजे पाणी एके काळी जिथे टेकलं होतं ती पातळी. काठ उभा असेल तर हे पट्टे एकमेकांना चिकटून येतात, उतार मंद असेल तर दूर दूर पडतात. हेच पट्टे आकाशातून पाहून कागदावर उतरवले की टोपोशीटवरच्या तपकिरी रेघा झाल्या. पॉइंट रेयसच्या टोकाला जमीन समुद्रातून एकदम सहाशे फुटांच्या आसपास उठते. तिथे या रेघा इतक्या दाटतात की कागद तपकिरीच दिसायला लागतो.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. यूएसजीएसची जुनी शीट १:६२,५०० या प्रमाणावर असत, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर जवळजवळ एक मैल. दुसऱ्या महायुद्धानंतर १:२४,००० चं प्रमाण रूढ झालं, म्हणजे एक इंच बरोबर दोन हजार फूट. सुरुवातीच्या शीटवर तीनच रंग होते: उंचीला तपकिरी, पाण्याला निळा, आणि माणसाने केलेल्या सगळ्याला काळा. झाडीचा हिरवा रंग नंतर आला. घर असो वा गोठा, त्याचा काळा चौकोनी ठिपका.

त्याआधी घोडा आणि दोरी होती

टोपोशीटच्या आधीही इथे नकाशे होते. कॅलिफोर्निया मेक्सिकोकडे असताना गव्हर्नर लोकांना मोठमोठ्या जमिनी बहाल करत. त्या जमिनींना 'रँचो' म्हणत. अर्जदाराला अर्जासोबत हाताने काढलेलं एक चित्र द्यावं लागे, त्याला 'दिसेन्यो' म्हणत. त्यावर टेकड्या, ओढा, एखादं ठळक ओकचं झाड, शेजाऱ्याचं नाव, एवढंच असे. मोजणी दोन घोडेस्वार करत. पन्नास 'वारा' लांबीच्या चामडी दोराच्या दोन टोकांना खुंट्या बांधायच्या. एकाने खुंटी रोवायची, दुसऱ्याने दोर ताणत पुढे जाऊन आपली रोवायची, मग पहिल्याने उपटून पुढे दौडायचं. एक वारा म्हणजे सुमारे तेहेतीस इंच. दोर दवाने भिजला की ताणला जाई, उन्हात आखडे. जमीन अफाट, माणसं थोडी आणि गुरं मोकाट, त्यामुळे हद्द शे-दोनशे फूट इकडेतिकडे झाली तरी कोणाचं अडत नव्हतं.

१८५० मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेचं राज्य झालं आणि अडायला लागलं. १८५१ च्या कायद्याने प्रत्येक रँचोच्या मालकाला आपला हक्क जमीन आयोगापुढे सिद्ध करणं भाग पडलं. एकूण ८१३ दावे दाखल झाले, ६०४ मान्य झाले, आणि पक्की सनद हाती यायला सरासरी सतरा वर्षं लागली. इतकी वर्षं वकील पोसायचे तर जमीन विकावी लागते. पॉइंट रेयसवर तर एकाच जमिनीवर अनेकांचे दावे होते. त्यातला एक मोठा दावेदार, डॉ. अँड्र्यू रँडल, कर्जात बुडाला आणि १८५६ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका धनकोने त्याला गोळ्या घातल्या. पुढच्या दोन वर्षांत कोर्टकचेरीच्या घुसळणीतून ५०,००० हून जास्त एकर जमीन एका वकिली पेढीच्याच हातात आली. मूळचे व्हरमाँटचे ऑस्कर आणि जेम्स शाफ्टर हे भाऊ तिचे भागीदार होते.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण, टोपोशीटवरचे काळे ठिपके या भांडणातूनच आले आहेत.

ए पासून झेड पर्यंत

शाफ्टर बंधू आणि ऑस्करचे जावई चार्ल्स वेब हॉवर्ड यांनी ही जमीन तुकड्यांत विभागली आणि दुधाचा धंदा करणाऱ्या कुळांना भाड्याने दिली. तुकड्यांना नावं दिली इंग्रजी मुळाक्षरांची. दीपगृहाजवळच्या टोकापासून 'ए' सुरू होतो आणि माउंट विटेनबर्गच्या माथ्याजवळ 'झेड' येतो. कुळं बदलत गेली, आयरिश आले, पोर्तुगीज आले, स्विस-इटालियन आले. अक्षरं तशीच राहिली आणि ती सरकारी टोपोशीटवर छापली गेली.

धंदा लोण्याचा होता. धुक्यामुळे इथलं गवत राज्यातल्या बाकीच्या भागांपेक्षा जास्त दिवस हिरवं राहतं, त्यामुळे गाईंना चारा भरपूर. बाजारपेठ सॅन फ्रान्सिस्कोत, आणि वाटेत डोंगर. म्हणून लोणी शिडाच्या जहाजांतून जाई. शीटवर ड्रेक्स एस्टेरो या खाडीची बोटं पाहा. एका बोटाचं नाव स्कूनर बे, म्हणजे जिथे जहाजं लागायची ती जागा, आणि दुसऱ्याचं क्रीमरी बे. १८७५ साली पूर्वेच्या बाजूने अरुंद रुळांची आगगाडी आली. टोमालेस बेच्या काठाने गेलेली तिची काळी रेघ जुन्या शीटवर आहे. १९३३ मध्ये गाडी बंद झाली, आणि १९५० च्या दशकातल्या शीटवर ती रेघ नाही.

मला जुन्या शीटचा सगळ्यात मोठा उपयोग इथे वाटतो. वेगवेगळ्या काळांतली दोन शीट शेजारी ठेवली की धंद्याची वाट, त्याची चढती आणि उतरती, कोणाच्या आठवणीवर विसंबून न राहता कळते.

वीस फुटांचा धक्का, आणि नकाशावर काहीच नाही

टोमालेस बे ही खाडी नकाशावर बघितली की लगेच खटकते. बाकी किनारा वेडावाकडा, आणि ही मात्र सरळ. चोवीस किलोमीटर लांब, जेमतेम दीड किलोमीटर रुंद. तिच्याच रेषेत पुढे आग्नेयेला ओलेमाची दरी, तीही सरळ, आणि दरी संपते तिथे बोलिनास लगून. या दरीतल्या समोच्च रेषा नीट पाहिल्या तर आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ओलेमा क्रीक आणि पाइन गल्च क्रीक हे दोन ओढे काही अंतर एकमेकांना समांतर वाहतात, पण उलट्या दिशांना. एक उत्तरेला टोमालेस बेकडे जातो, दुसरा दक्षिणेला बोलिनासकडे. दोघांच्या मध्ये फक्त एक बुटका उंचवटा. साधी दरी अशी वागत नाही, पाणी दरीच्या तळाशी एकत्र येतं.

ही दरी म्हणजे सॅन आंद्रेआस भ्रंश. भ्रंश म्हणजे भूकवचातली अशी चीर, जिच्या दोन्ही बाजूंची जमीन एकमेकींना घासत सरकते. पॉइंट रेयस पश्चिमेच्या बाजूला आहे आणि ते वायव्येकडे चाललं आहे. तिथला ग्रॅनाइट दरीच्या पलीकडच्या खडकाशी अजिबात जुळत नाही, तो शेकडो किलोमीटर दक्षिणेकडून आलेला आहे. मधल्या पट्ट्यातला खडक दळला जाऊन मऊ झाला, त्यात ओढे शिरले, समुद्र शिरला, आणि ही सरळ खाच तयार झाली.

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी ही चीर सरकली. सॅन फ्रान्सिस्को जळालं तोच हा भूकंप. भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट लगेच या भागात आले आणि रँचची कुंपणं मोजत फिरले. कुंपण कशाला? कारण गुरांच्या मालकाने ते सरळ रेषेत ठोकलेलं असतं. जमीन सरकली की ते तुटतं आणि दोन तुकडे एकमेकांपासून बाजूला जातात. मधलं अंतर टेपने मोजलं की भूकंपाने जमीन किती सरकवली याचा आकडा हातात. ओलेमाजवळच्या एका रँचवर कुंपणाची दोन टोकं पंधरा-सोळा फूट लांब गेली होती. टोमालेस बेच्या टोकाशी रस्ता वीस फूट तुटून बाजूला झाला होता. भूकंपशास्त्राच्या इतिहासात या कुंपणांना मोठा मान आहे, आणि ती गुराख्यांनी बांधलेली होती.

आता हे वीस फूट १:६२,५०० च्या शीटवर मांडून बघा. उत्तर येतं एक दशांश मिलिमीटर. छापलेली बारीकात बारीक रेघसुद्धा त्याहून जाड असते. म्हणजे सॅन फ्रान्सिस्को जमीनदोस्त करणारी हालचाल या नकाशाच्या रेघेत बुडून जाते. उलट, लाखो वर्षांत अशा हजारो धक्क्यांनी कोरलेली चोवीस किलोमीटरची खाडी त्याच नकाशावर ठळक दिसते, आणि ती कुंपणाजवळ उभं राहून कधीच दिसली नसती. प्रमाण म्हणतात ते याला. कुंपणाचा प्रश्न कुंपणाला विचारायचा, दरीचा नकाशाला.

समुद्र नेमका कुठून सुरू होतो

किनाऱ्याची रेघ टोपोशीटवर इतकी ठाम छापलेली असते की समुद्र तिथेच थांबतो असं वाटतं. मात्र समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. मग रेघ कुठे मारायची?

अमेरिकेच्या टोपोशीटवर ती सरासरी भरतीच्या पातळीवर मारतात. जमिनीची उंची मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. आणि समुद्राची खोली दाखवली असेल तर ती पॅसिफिकवर रोजच्या सगळ्यात खालच्या ओहोटीच्या सरासरी पातळीपासून मोजतात, कारण जहाजवाल्याला कमीत कमी किती पाणी मिळेल हे हवं असतं. म्हणजे एकाच कागदावर तीन वेगवेगळे आरंभबिंदू. रोजच्या सगळ्यात खालच्या ओहोटीची आणि सगळ्यात वरच्या भरतीची सरासरी घेतली तर या किनाऱ्यावर पाच-सहा फुटांचा फरक पडतो. कड्यापाशी या पाच-सहा फुटांना काही अर्थ नाही. टोमालेस बेच्या टोकाशी चिखलाचं सपाट मैदान आहे, तिथे तेवढ्या फरकाने किनारा कितीतरी दूर जातो.

याचा कायद्याशीही संबंध आहे. कॅलिफोर्नियात सरासरी भरतीच्या रेषेच्या खालचा किनारा जनतेचा मानला जातो. लाटांनी वाळू सरकली की ही रेषाही सरकते, त्यामुळे जुन्या शीटवरची रेघ आजची हद्द ठरवत नाही. आपल्याकडे कोकणात सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, चर्चा होते तेव्हा भरती-रेषेचा प्रश्न असाच येतो, पण ती रेषा वेगळी आहे. सीआरझेडमध्ये उधाणाच्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथवर पोचतं ती रेषा धरतात. अमेरिकेच्या टोपोशीटवरची रेघ सरासरी भरतीची. दोन्ही एक समजून तुलना केली तर सगळा हिशेब चुकतो.

किनाऱ्याचा खरा तपशील हवा असेल तर टोपोशीटपेक्षाही जुने कागद आहेत. अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्याने १८५० आणि ६० च्या दशकांत पॅसिफिक किनाऱ्याची शीट काढली. त्यांना 'टी-शीट' म्हणतात. प्रमाण बहुधा १:१०,०००. जहाजांसाठी काढलेली असल्यामुळे ती किनाऱ्यापासून थोडीच आत जातात, पण त्या पट्ट्यात खारफुटीच्या दलदलीसारख्या खाजणातला ओढ्याचा प्रत्येक फाटा, वाळूचे दांडे, कुंपणं, घरं सगळं आहे. आज खाजणं पुन्हा पहिल्यासारखी करायची असतील तर पर्यावरणाचे अभ्यासक सर्वांत आधी हीच शीट उघडतात.

"सरकारी नकाशा आहे, मग बरोबरच असणार ना?"

बऱ्याच अंशी बरोबर, पण सगळीकडे सारखा नाही. जुन्या काळी मोजणीदार तिपाईवर एक सपाट फळी बसवत, तिच्यावर कागद, कागदावर दुर्बिणीची पट्टी. ठळक शिखरं त्रिकोणी मोजणीने आधी पक्की करायची. मग समोर दिसणाऱ्या ठिकाणांवर दुर्बीण रोखून त्यांच्या दिशा आणि अंतरं जागच्या जागी कागदावर काढायची. जे बिंदू मोजले ते नेमके असत. त्यांच्या मधल्या समोच्च रेषा मात्र मोजणीदार समोरचा डोंगर बघून हाताने काढत असे. चांगल्या माणसाची नजर तरबेज असे, पण दाट झाडीतल्या घळीत किंवा वरून न दिसणाऱ्या कड्याखाली तो अंदाजच करणार. पॉइंट रेयस म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्वांत धुकट आणि वादळी जागांपैकी एक. दुर्बिणीतून काही दिसलंच नाही तर मोजणी थांबते.

पुढे विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे होऊ लागले आणि नेमकेपणा वाढला. १९४७ पासून लागू असलेल्या मानकानुसार १:२४,००० च्या शीटवर ठळक बिंदूंपैकी नव्वद टक्के बिंदू जमिनीवर चाळीस फुटांच्या आत बरोबर असावे लागतात, आणि उंची समोच्च रेषांमधल्या अंतराच्या निम्म्याच्या आत. म्हणजे नियम पूर्ण पाळलेल्या शीटवरही एखादं घर चाळीस फूट सरकलेलं असू शकतं, आणि दहातला एक बिंदू त्याहूनही जास्त.

तारखेचंही पाहावं लागतं. कोपऱ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं साल आणि प्रत्यक्ष मोजणीचं साल यांत कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं. जुनी मोजणी तशीच ठेवून शीट पुन्हा पुन्हा छापली जाई. मग १९४० च्या छापावर एखादं घर आहे म्हणून ते १९४० मध्ये उभं होतं असं म्हणता येत नाही. काही शीटवर जांभळ्या रंगात भर घातलेली दिसते. ती हवाई फोटो पाहून घातलेली असते, जागेवर जाऊन तपासलेली नसते.

"शीटवर रँच आहे, म्हणजे हक्क सिद्ध झाला?"

नाही. टोपोशीट म्हणजे सातबारा नव्हे. मोजणीदाराला एक इमारत दिसली आणि त्याने ती काढली, एवढंच त्या ठिपक्यातून ठरतं. मालक कोण, कूळ कोण, करार किती वर्षांचा, हे तो विचारत नव्हता. रँचवाल्यांचा १९६२ नंतरचा हक्क ठरतो तो सरकारला जमीन विकताना झालेल्या करारांवर आणि नंतरच्या भाडेपट्ट्यांवर. त्या ठिपक्याने एक गोष्ट मात्र नक्की होते: हे रँच उद्यानाच्या कितीतरी आधीपासून आहेत. ती कोणीच नाकारत नाही. २०१८ साली पॉइंट रेयसच्या दुग्धव्यवसायाचे रँच एक ऐतिहासिक परिसर म्हणून राष्ट्रीय नोंदवहीत गेले.

याची उलट बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे लक्ष जात नाही. शीटवर एल्क नाहीत, आणि ते असणारही नव्हते. मोजणीदाराला प्राणी काढायला सांगितलंच नव्हतं. शिवाय तो आला तोवर ते इथून संपले होते. १८६० च्या आसपास पॉइंट रेयसवरचे ट्युली एल्क शिकारीत मारले गेले. आज दिसतात ते १९७८ मध्ये बाहेरून आणून सोडलेल्या कळपाचे वंशज आहेत.

मिवॉक लोकही शीटवर नाहीत, आणि हे जास्त गंभीर आहे. या द्वीपकल्पावर त्यांच्या शंभराहून जास्त वस्त्यांच्या खुणा सापडल्या आहेत. सॅन राफाएलची मिशन, म्हणजे स्पॅनिश ख्रिस्ती धर्मप्रचारकांची वसाहत, १८१७ साली स्थापन झाली. तिथे नेलेल्या माणसांत रोगराई पसरली, मागे राहिलेले रँचोंवर राबले. मोजणीदार आले तेव्हा गावं उठलेली होती. ओलेमा, टोमालेस ही नावं मिवॉक भाषेतून आलेली आहेत, आणि शीटवर त्यांच्यापैकी तेवढंच उरलं आहे. कोऱ्या जागेकडे बोट दाखवून 'इथे कोणीच नव्हतं' असं म्हणणाऱ्याने हे आधी वाचावं.

शिवाय त्या जुन्या टी-शीटवरचं मोकळं गवत हे कोणाचंच निर्विवाद प्रमाणपत्र नाही. मिवॉक लोक गवताळ प्रदेश ठरावीक काळाने जाळत, त्याने झुडपं माजत नसत. आग बंद झाली तेव्हा मेक्सिकन रँचोंची गुरं चरत होती. म्हणून 'गुरांनीच कुरण टिकवलं' आणि 'गुरं आली नसती तर कुरण आपोआप राहिलं असतं' ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. गुरं हटली आणि आगही नसली तर इथल्या मोकळ्या गवतात कोयोटी ब्रश नावाचं झुडूप शिरतं. पुढच्या वीस वर्षांत उद्यानासमोर हाच प्रश्न असणार आहे, आणि त्याची तुलना करायला जुन्या शीटशिवाय दुसरं काही फार नाही.

"उपग्रह असताना हे कागद कशाला?"

उपग्रह आजचं दाखवतो, फार तर गेल्या पन्नास वर्षांचं. आधीचं दाखवायला कागदच आहेत. पण ते उपग्रहाच्या चित्रावर टाकताना एक खबरदारी घ्यावी लागते. बरीचशी जुनी शीट १९२७ च्या मोजणी-चौकटीवर, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावरून मोजतात त्यावर, बेतलेली आहेत, आजचं जीपीएस वेगळी चौकट वापरतं. या दोन चौकटींत कॅलिफोर्नियात सुमारे शंभर मीटरचा फरक पडतो. शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये टाकले तर गोठा शेजारच्या टेकडीवर जाईल, आणि किनारा शंभर मीटर सरकला असा खोटा शोध लागेल. किनाऱ्याची झीज मोजताना ही चूक फार महागात पडते. संगणकावर चौकट बदलून घेतली की ती टळते.

आणखी एक अडचण आजच्या नकाशांची आहे. २००९ पासून यूएसजीएस नवीन शीट संगणकातल्या साठ्यावरून तयार करतं, मोजणीदार जागेवर जात नाही. त्यामुळे खाजगी घरं, गोठे, पाण्याच्या टाक्या असा बराच तपशील नव्या शीटवरून गळला. १९५० च्या दशकातल्या शीटवर पॉइंट रेयसचे रँच एकेका इमारतीसह आहेत. जागेवर जाऊन तपासलेली ती जवळजवळ शेवटची पद्धतशीर नोंद.

ती पाहायची तर टोपोव्ह्यूवर 'ड्रेक्स बे', 'इन्व्हर्नेस', 'टोमालेस', 'डबल पॉइंट' आणि 'बोलिनास' ही शीट शोधा. प्रत्येकाची जुन्यात जुनी आवृत्ती आधी उघडा आणि मग पुढे या. निळ्या ठिपक्यांकडे लक्ष द्या. गुरांना पाणी मिळावं म्हणून ओढे अडवून केलेली ही तळी आहेत. त्यांतल्या अनेक तळ्यांत आता कॅलिफोर्नियाचा तांबड्या पायांचा बेडूक राहतो, आणि तो कायद्याने संरक्षित आहे. गुरं गेल्यावर या तळ्यांचे बांध कोण राखणार, हे अजून ठरायचं आहे. आणि ठरवणाऱ्यांना प्रत्येक तळं कोणत्या दशकात पहिल्यांदा शीटवर आलं, हे पाहूनच सुरुवात करावी लागेल.